हान्झे सेल (रॉस्टॉक): सोबत आई-बाबा, बाबागाडी आणि हातात एकच दिवस. कसं जमवावं?

बर्लिनचा_बोका

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये पुण्याहून आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. आईचा गुडघा दुखतो, बाबा ठणठणीत आहेत. शिवाय दीड वर्षाची मुलगी आणि तिची बाबागाडी. उत्तर जर्मनीतल्या रॉस्टॉकला जुन्या शिडांच्या जहाजांचा जो मेळा (हान्झे सेल) भरतो तो त्यांना दाखवायचा आहे. बर्लिनहून जाऊन-येऊन एकच दिवस मिळेल, फार तर एक रात्र राहता येईल.

प्रश्न असे:
१. शहरातला धक्का की वार्नेम्युंडे (नदी समुद्राला मिळते तिथली वस्ती)? दोन्ही एका दिवसात होतं का?
२. जहाजावर चढू देतात म्हणे. त्याला तिकीट लागतं का? आईला जमेल का?
३. जहाजातून समुद्रात फेरी मारायची असेल तर कोणती घ्यावी?
४. शनिवारी जाऊ की शुक्रवारी?

इंटरनेटवर फोटो भरपूर आहेत, पण नेमकं किती वाजता कुठे उभं राहायचं हे कुणी लिहीत नाही.

वार्नोकाठ

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शुक्रवारी जा. मेळा दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला जोडून, गुरुवार ते रविवार असतो. शनिवारी दुपारी धक्क्यावर बाबागाडी ढकलणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवरून हातगाडी नेणं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक अकरा-साडेअकराला रॉस्टॉकला उतरतात, ट्रामने शहरातल्या धक्क्यावर (श्टाटहाफेन) पोचतात आणि समोर आकाशपाळणा, सॉसेजचे स्टॉल आणि चार-दोन नांगरलेली जहाजं पाहून विचारतात, बाकीची कुठे गेली? बाकीची समुद्रात गेलेली असतात. पैसे भरून आलेल्या प्रवाशांना घेऊन जहाजं सकाळी दहाच्या सुमारास सुटतात आणि दुपारी चारच्या आसपास परततात. काही जहाजं पुन्हा पाच-सहाला संध्याकाळच्या फेरीला निघतात. म्हणजे धक्का भरलेला दिसतो तो सकाळी दहाच्या आधी, चार ते सहाच्या मध्ये आणि रात्री. नेमकी भर दुपारी, गर्दी सगळ्यांत जास्त असताना, जहाजं सगळ्यांत कमी असतात.

दुसरी गोष्ट अशी की शहरातल्या धक्क्यावर जहाजांची शिडं उघडलेली जवळजवळ दिसतच नाहीत. श्टाटहाफेनपासून समुद्राच्या तोंडापर्यंत वार्नो नदीची खाडी साधारण १२ किलोमीटर लांब आहे. त्यात मोठ्या फेरीबोटी, क्रूझ जहाजं आणि शेकडो लहान होड्यांची ये-जा असते, म्हणून जहाजं तिथून इंजिनावर जातात आणि शिडं खाडीच्या तोंडावरच्या दगडी बांधांच्या बाहेर गेल्यावर चढवतात. सहा नॉट म्हणजे ताशी ११ किलोमीटर धरा. दहाला सुटलेलं जहाज वार्नेम्युंडेच्या दीपगृहासमोरून अकराच्या थोडं पुढे-मागे जाईल.

यावरून तुमचा दिवस असा लागतो: सकाळी थेट वार्नेम्युंडे, तिथून जहाजं बाहेर पडताना पाहा, जेवा, मुलीला झोपवा, साडेतीनच्या सुमारास शहरात या आणि चारनंतर धक्का. उलटं केलंत तर दोन्ही हुकेल.

वार्नेम्युंडेत उभं कुठे राहायचं हे उन्हावर ठरवा. खाडीचं तोंड उत्तरेकडे उघडतं आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत. सगळे लोक पश्चिमेच्या बांधावर जातात, कारण तो स्टेशनच्या बाजूला, दीपगृहाला लागून आहे. पण सकाळी सूर्य पूर्वेला असल्यामुळे तिथून जहाजं काळ्या सावलीसारखी दिसतात. सकाळी स्टेशनमागच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे होहे ड्यूनेला जा, काही मिनिटांचं काम आहे. पूर्वेच्या बाजूला सूर्य पाठीशी येतो, जहाजांचा रंग, दोरखंड, माणसं सगळं स्वच्छ दिसतं आणि गर्दी निम्मीसुद्धा नसते. मात्र होहे ड्यूनेला उतरल्यापासून बांधाच्या टोकापर्यंत बरंच चालावं लागतं. आईंना टोकापर्यंत नेऊ नका, जहाजं खाडीतूनच जातात, अलीकडूनही दिसतात. संध्याकाळी हेच उलटं होतं, परतणाऱ्या जहाजांसाठी पश्चिमेचा बांध चांगला. त्या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नसते.

बांधावर थांबाल तेव्हा डेन्मार्कच्या गेडसरला जाणारी फेरी दिसेल. तिच्या मधोमध ३० मीटर उंच, ५ मीटर व्यासाचा गुळगुळीत पांढरा खांब असतो. ती चिमणी नाही, शीडच आहे. तो खांब स्वतःभोवती फिरतो आणि आडव्या वाऱ्यात जहाजाला पुढे ओढ मिळते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो त्यामागचंच तत्त्व. बाबांना दाखवा, शिडांच्या जत्रेतलं हे सगळ्यांत नवं शीड आहे.

आणि जुने ब्लॉग वाचून क्रुझेनश्टेर्न किंवा सेदोव शोधत बसू नका. एप्रिल २०२२ पासून रशियन झेंड्याच्या जहाजांना युरोपीय संघाच्या बंदरांत बंदी आहे. पहिलं १९२६ साली आणि दुसरं १९२१ साली जर्मनीतच बांधलेलं, तरीही.

डोलकाठी

वार्नोकाठ यांनी वेळा बरोबर दिल्या आहेत. मी प्रश्न २ आणि ३ बद्दल लिहिते.

जहाजावर चढणं: याला इथेही 'ओपन शिप'च म्हणतात. ज्या जहाजांची त्या वेळी फेरी नसते ती लोकांसाठी खुली ठेवतात. शिडीजवळ पाटी असते, तिच्यावर वेळ लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, दानपेटी असते. तिच्यात दोन-पाच युरो जरूर टाका. यातली बरीच जहाजं संस्था आणि स्वयंसेवक चालवतात, आणि लाकडी डेकच्या फटींत डांबर भरण्यापासून शिडं बदलण्यापर्यंत सगळा खर्च त्यांच्याच डोक्यावर असतो.

आईंच्या गुडघ्याबद्दल. भाऊच्या धक्क्यावर ओहोटीला बोट पायऱ्यांच्या पार खाली जाते, भरतीला वर येते, तसं इथे होत नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी नावापुरतीच आहे. शिडीचा चढ सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी. तो ठरतो जहाजाच्या काठाच्या उंचीवर. मोठ्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला चांगली कठड्याची, रुंद शिडी असते पण ती लांब आणि चढी असते. छोट्या दोन काठ्यांच्या जहाजाला नुसती फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि एका बाजूला दोर. ती आखूड आणि जवळजवळ सपाट असते. दुखऱ्या गुडघ्याला दुसरी बरी, तोल जात असेल तर पहिली. आधी खाली उभं राहून पाच माणसं कशी चढतात ते पाहा आणि मग ठरवा. एक अपवाद लक्षात ठेवा: दोन दिवस जोराचा नैर्ऋत्य वारा सुटला तर पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जाऊन पातळी उतरते, ईशान्येचा सुटला तर चढते. तेव्हा शिडीचा कल बदललेला दिसेल.

डेकच्या खाली जायच्या पायऱ्या म्हणजे जिना नसतो, उभी शिडीच असते. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ खोलीकडे, दोन्ही हात मोकळे. लोक जिन्यासारखे समोर तोंड करून उतरतात, टाच घसरते आणि पाठ आपटते. आईंना डेकवरच बसवा. खाली बहुतेक झोपायच्या कपाटाएवढ्या जागा आणि स्वयंपाकघर असतं.

बाबागाडी वर नेऊ देत नाहीत. सायकलचं पातळ कुलूप बरोबर ठेवा, धक्क्यावरच्या खांबाला अडकवता येते (जहाजाचे दोर ज्या जाड लोखंडी खुंट्यांना बांधतात त्यांना कधीच नाही, दोर ताणला-सोडला जातो). मुलीसाठी अंगाला बांधायची झोळी आणा. धक्क्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, जमीन दगडी गोट्यांची आहे, मध्येच जुने रूळ आहेत आणि दोर घोट्याच्या उंचीवर आडवे असतात. लहान चाकांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तिथे अडकते. मोठ्या चाकांची असेल तर तीच आणा.

समुद्रातली फेरी: तिकिटं आयोजकांच्या बुकिंग केंद्रातून ऑनलाइन मिळतात. नामांकित जहाजांची काही महिने आधी संपतात, लहानांची शेवटच्या आठवड्यातही मिळू शकतात. दर जहाजावर आणि वेळेवर अवलंबून असतो, दिवसाची फेरी महाग, संध्याकाळची स्वस्त. तिकीट घेताना एक ओळ दोनदा वाचा: जहाज सुटतं कुठून? काही श्टाटहाफेनहून, काही वार्नेम्युंडेहून. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर लोकल पकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत जहाज गेलेलं असतं. श्टाटहाफेनमध्ये धक्क्याच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. तो तिकिटावर पाहून ठेवा, पहिल्या आणि शेवटच्या जागेत बरंच अंतर आहे.

निवड करता येत असेल तर वार्नेम्युंडेहून सुटणारं घ्या. हिशेब सोपा आहे. शहरातून सहा तासांची फेरी घेतली तर जाता-येता दोन तासांहून जास्त वेळ खाडीतच इंजिनावर जातो, शिवाय शिडं चढवायला-उतरवायला वेळ लागतो. प्रत्यक्ष शिडांवर तीनेक तास उरतात. वार्नेम्युंडेहून दहा-पंधरा मिनिटांत मोकळं पाणी. उलट, ज्यांना लाटांची भीती वाटते त्यांना शहरातून जाणारी फेरी बरी वाटते, कारण एक तृतीयांशाहून जास्त वेळ पाणी शांत असतं.

दीड वर्षाच्या मुलीला फेरीवर नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक जहाजाचा वयाचा नियम वेगळा असतो, लहानांना संपूर्ण वेळ जीवरक्षक जाकीट घालावं लागतं आणि ते अंगात घालून दीड वर्षाचं मूल तासभरही गप्प बसत नाही. बाबांना एकट्याला संध्याकाळच्या फेरीला पाठवा, तुम्ही बाकीचे बांधावरून हात हलवा.

बाबांसाठी: ऑगस्ट असला तरी समुद्रावर वाऱ्यात थंडी वाजते. जाकीट, कानटोपी, रबरी सपाट तळव्याचे बूट. बाल्टिकच्या लाटा उंच नसतात, पण आखूड आणि लागोपाठ येतात. बोट लागणाऱ्यांना त्याच जास्त त्रास देतात. डेकवर मधोमध बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, खाली केबिनमध्ये जायचं नाही, रिकाम्या पोटी जायचं नाही. औषधाच्या दुकानात डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या निघण्याच्या तासभर आधी घ्यायच्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. मात्र प्रोस्टेट वाढलेलं असेल किंवा काचबिंदूचा काही प्रकार असेल तर या गोळ्या चालत नाहीत, आणि रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते. सत्तरीच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावंच.

वारा नसेल तर फेरी इंजिनावर होते, पैसे परत मिळत नाहीत. वारा फार असेल तर कप्तान रद्द करतो. परताव्याचे नियम जहाजागणिक वेगळे आहेत, तिकिटाबरोबरच वाचा.

लोकलप्रेमी_डोंबिवली

रेल्वेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

बर्लिनहून आरई ५ (प्रादेशिक गाडी), साधारण पावणेतीन तास. डॉइचलांड तिकीट (देशभरातल्या प्रादेशिक आणि शहरी गाड्यांचा मासिक पास) चालतं, फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये नाही. आई-बाबांसाठी ते महिन्याच्या वर्गणीने घेतलंत तर रद्द करायची मुदत त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत असते, विसरलात तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. एका दिवसापुरतं हवं असेल तर क्वेअर-डुर्क्स-लांड तिकीट पाहा. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, पण शुक्रवारी सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. हाच पेच आहे: शुक्रवारी नऊनंतर निघालात तर वार्नेम्युंडेत पोचेपर्यंत साडेबारा, जहाजं निघून गेलेली. म्हणून शुक्रवारसाठी डॉइचलांड तिकीटच.

रॉस्टॉकच्या मुख्य स्टेशनावरून वार्नेम्युंडेला लोकल, वीस-बावीस मिनिटं. परतताना सूत्र एकच: शेवटच्या स्टेशनावरूनच चढा. काही शहाणे गर्दी टाळायला एक स्टेशन अलीकडे, वेर्फ्टपर्यंत चालत जातात. गाडी तिथे येते तेव्हा ती आधीच भरलेली असते, आणि सायकल-बाबागाडीच्या डब्यात तर पाय ठेवायला जागा नसते. डोंबिवलीला चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, कल्याणहून बसून आलेले कोण असतात ते आपल्याला माहीत आहे.

श्टाटहाफेनसाठी ट्रामने लांगे श्ट्रासेला उतरा, तिथून उताराने चालत खाली. जाताना उतार, येताना चढ. आईंसाठी येताना धक्क्याच्या पश्चिम टोकाला काबुत्सेनहोफच्या थांब्यावर या, तिथे चढ कमी आहे.

राहायचंच असेल तर रॉस्टॉकमध्ये त्या आठवड्यात दर चढलेले असतात. बाड डोबेरान किंवा ग्युस्ट्रोव पाहा, दोन्हीकडून थेट गाडी आहे. बाड डोबेरानला मोल्ली नावाची वाफेच्या इंजिनाची अरुंद रुळांची गाडी आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला तीच जास्त आवडेल.

आगरी_इन_कील

थोडा मतभेद. होहे ड्यूनेची फेरीबोट सकाळी ठीक, पण गाड्याही तीच बोट वापरतात, परतताना रांग लागते. आई थकल्या असतील तर पहिल्याच वेळी पश्चिमेच्या बांधाच्या सुरुवातीला, दीपगृहाजवळच्या बाकांवर बसा. प्रकाश वाईट असला तर असू दे, फोटो कोण बघतंय.

खाण्याबद्दल: माशाच्या पावात बिस्मार्क आणि मात्येस हे शिजवलेले नसतात, एक व्हिनेगरमध्ये आणि दुसरा मिठात मुरवलेला हेरिंग असतो. ज्यांना तळलेला हवा त्यांनी 'बाकफिश' म्हणायचं. आई-बाबा शाकाहारी असतील तर लांगोश (तळलेली मोठी पुरी, वर लसणाची मलई), बटाट्याचे कार्टोफेलपुफर (त्यात अंडं असतं, कधी डुकराचे तुकडेही, विचारून घ्या) आणि क्वार्कबेल्शन (दह्यासारख्या ताज्या चीजचे तळलेले गोड गोळे). पेल्यांवर अनामत घेतात, पेला परत दिल्याशिवाय ती मिळत नाही. आणि वार्नेम्युंडेत हातातला पाव डोक्याच्या वर धरू नका. सीगल पाठीमागून येतो आणि अख्खा मासा नेतो. भिंतीला पाठ लावून खा. त्यांना मुद्दाम खायला घातलंत तर दंड आहे.

जहाजं ओळखायची सोपी रीत बाबांसाठी: आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं किती डोलकाठ्यांवर आहेत ते मोजा. तीन काठ्या, पुढच्या दोनांवर चौकोनी आणि मागच्या एकीवर उभं (म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेलं) शीड, तो बार्क (हिरव्या शिडांचं अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट २ हे त्यातलं, बांधणी २०११). दोनच काठ्या आणि दोन्हींवर चौकोनी, तो ब्रिग (रोआल्ड आमुंडसेन). पुढच्या काठीवर चौकोनी, मागे उभं, तो ब्रिगँटाइन, म्हणजे ग्राइफ, १९५१ साली वार्नेम्युंडेतच बांधलेलं. एकच काठी, एकच भलंमोठं चौकोनी शीड आणि टोपलीसारखं गोल अंग दिसलं तर ती कोग, हान्झेच्या (मध्ययुगातल्या उत्तर युरोपीय व्यापारी शहरांच्या संघाच्या) व्यापाऱ्यांच्या मालवाहू जहाजाची नव्याने बांधलेली प्रत. आणि तांबूस-तपकिरी शिडांच्या बसक्या होड्या म्हणजे त्सेसबोट, इथल्या कोळ्यांच्या. पूर्वी सुती शीड कुजू नये म्हणून ओकच्या सालीच्या काढ्यात, गेरू आणि चरबी घालून भिजवत, तो रंग राहिला.

बर्लिनचा_बोका

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शुक्रवार ठरवला, रात्री ग्युस्ट्रोव. दोन शंका उरल्या. चार ते सहा धक्क्यावर गर्दी असणारच, तेव्हा आई बसून सगळं पाहू शकेल अशी जागा आहे का? आणि बाबा विचारताहेत की भारताचं जहाज येतं का.

वार्नोकाठ

बसायला दोन जागा. पहिली गेल्सडोर्फ, म्हणजे नदीच्या पलीकडचा काठ. काबुत्सेनहोफहून छोटी बॅटरीवरची बोट जाते. तिकडून अख्खा धक्का, सगळ्या डोलकाठ्या आणि मागे शहरातले चर्चचे मनोरे एका नजरेत येतात. काठावर गवत आहे, मुलीला सोडता येईल. बोट लहान आहे, मेळ्यात रांग लागते. म्हणून साडेतीनलाच पलीकडे जा, जहाजं परतताना समोरून पाहा आणि सहानंतर अलीकडे या. पायी जायचं म्हटलं तर पूर्वेकडून पुलावरून मोठा वळसा पडतो, आईंना जमणार नाही.

दुसरी जागा पेट्रीकिर्शे, ११७ मीटर उंच मनोऱ्याचं चर्च. साधारण ४५ मीटरवर सज्जा आहे. पायऱ्या १९६, पण लिफ्टही आहे. तिथून धक्का वरून दिसतो. बंद व्हायची वेळ आधी पाहून घ्या, उशिरापर्यंत उघडं असेल असं गृहीत धरू नका.

भारताचं जहाज दरवर्षी येत नाही, त्या वर्षीच्या जहाजांच्या यादीत पाहावं लागेल. नौदलाची तरंगिणी आणि सुदर्शिनी ही दोन प्रशिक्षण जहाजं अशा युरोपीय मेळाव्यांना आणि शर्यतींना जातात. दोन्ही गोव्यात, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधली, दोन्ही तीन काठ्यांचे बार्क, दोन्हींची लांबी ५४ मीटर. तरंगिणी १९९७ पासून सेवेत आहे आणि २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली, सुदर्शिनी २०१२ ची. बाबांना धक्क्यावर हुम्बोल्ट दाखवा आणि सांगा की आपली साधारण अशीच, फक्त थोडी लहान आणि पांढऱ्या शिडांची.

डोलकाठी

एक राहिलं. गेल्सडोर्फच्या बोटीवर बाबागाडी चालते, पण उतरताना चाकं आडवी करून मागे खेचत उतरवा. बोट आणि तराफ्याच्या मधल्या फटीत पुढचं चाक बरोबर बसतं. आणि धक्क्यावरच्या स्वच्छतागृहांसाठी एक-एक युरोची आणि पन्नास सेंटची नाणी खिशात ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही.